गंगेला पाणी आलं का?

आमच्याकडं मराठवाड्यात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. काठचा पट्टा म्हणजे गंगथडी, गावांची नावं गंगापूर, गंगाखेड, आणि जुलै-ऑगस्टात गावाकडं फोन लावला की तब्येतपाण्याच्या आधी प्रश्न हाच, "गंगेला पाणी आलं का?" मला तर लहानपणी काशीची गंगा आणि ही एकच वाटायची, कुठूनतरी फिरून आपल्याकडं येत असंल असं.

परवा गंगेवरच्या शहागडच्या पुलावरनं चाललो होतो, सोबत पुतण्या, दहावीला आहे. खाली बघून म्हणतो, "काका, पुस्तकात लिहिलंय गंगेनंतर देशातली सगळ्यात लांब नदी गोदावरी. मग आपल्या इथं कामून नुसती वाळू?" खाली खरंच वाळू होती. मधी एक डबकं, डबक्यात चार म्हशी, आणि दोन्ही काठांवरनं मोटारींचे काळे पाईप पाण्याचा माग काढत काढत त्या डबक्यापर्यंत गेलेले. मी धरण, पाऊस, राजकारण असं काहीतरी थातूरमातूर सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर वाटलं की हे नीट सांगता यायला पाहिजे, कारण पुस्तक पण खोटं नाही आणि ती वाळू पण खोटी नाही. नदी मोठी आहे, फक्त ती मोठी होते ती आपल्याला ओलांडून गेल्यावर. एवढंच सांगायचंय, पण त्याला जरा वरनं सुरुवात करावी लागंल.

नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगर आहे, तिथं ती उगवते. तिथनं अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर. आणि ही बाई त्या समुद्राकडं पाठ करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाती. याचं कारण सोपं आहे. आपला सगळा दख्खन म्हणजे एका बाजूला कललेलं पत्र्याचं शेड समजा. सह्याद्री म्हणजे त्याची उंच भिंत, पश्चिमेला. त्या भिंतीच्या पलीकडं एकदम कडा, खाली कोकण. अलीकडं मात्र पत्रा हळूहळू पूर्वेकडं उतरत गेलेला. भिंतीच्या अलीकडं जो थेंब पडला तो पूर्वेलाच जाणार, मग समुद्र पाठीमागं कितीका जवळ असंना. गंमत अशी की वैतरणा पण त्याच त्र्यंबकच्या डोंगरात उगवते, पण ती भिंतीच्या पलीकडं उतरते आणि तिचं पाणी मुंबईच्या नळाला जातं. म्हणजे एकाच ढगातले दोन थेंब, हातभर अंतरावर पडले, तर एक मुंबईत कुणाच्या तरी बादलीत आणि दुसरा आंध्रात भाताच्या खाचरात.

पाणलोट म्हणजे काय तेही याच शेडवरनं कळतं. घराचं आढं असतं, त्याच्या या बाजूच्या पाख्यावर पडलेला पाऊस या पन्हाळीला, त्या बाजूचा त्या पन्हाळीला. नदीचं पाणलोट म्हणजे तिच्या पन्हाळीला येणारं सगळं पाखं. गोदावरीचं पाखं ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या पुढं आहे, देशाच्या जमिनीचा जवळपास दहावा हिस्सा. त्यातलं निम्म्याच्या आसपास आपल्या महाराष्ट्रात, बाकीचं तेलंगणा, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा, आंध्र आणि कर्नाटकाचा थोडा तुकडा. मराठवाडा म्हणजे सगळाच गोदावरीचा असं बरेच जण धरून चालतात, पण तसं नाही. आष्टीकडचं, धाराशिवकडचं बरंच पाणी सीनेत जातं, तिथनं भीमा, तिथनं कृष्णा. बालाघाटचा डोंगर हे तिथलं आढं. आणि वर अजिंठ्याच्या रांगेच्या पलीकडं सोयगावात पडलेला पाऊस तापीला जातो, म्हणजे गुजरातला.

आता पावसाचं बघा. इगतपुरीकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. तिथनं पूर्वेला आलं की तो असा काही कोसळतो (म्हणजे पाऊस नाही, पावसाचा आकडा कोसळतो) की नाशिक शहराच्या पुढं सातशे, आणि आमच्याकडं सहाशे-सातशे, तोही कागदावर. ढग घाटात पाणी टाकून रिकामे होऊन येतात. त्याला पर्जन्यछाया म्हणतात, पण खरं तर पंगतीत शेवटी बसल्यासारखं आहे ते, वाढपी येतो, पण भांड्यात तळ राहिलेला असतो.

आणि जमीन? आपल्या खालचा दगड म्हणजे बेसाल्ट, काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. त्याचीच झीज होऊन काळी माती झाली, कापसाला नि ज्वारीला सोन्यासारखी, यात वादच नाही. पण त्या दगडाच्या पोटात पाणी फार राहत नाही. वरची मुरमाची पट्टी भरली की संपलं. हिमालयातल्या नद्यांना उन्हाळ्यात बर्फ वितळून पाणी येतं, काही नद्यांना जमिनीच्या पोटातलं झिरपून वर्षभर मिळत राहतं, आपल्या नदीला यातलं पहिलं नाही आणि दुसरं फार थोडं. जून ते ऑक्टोबर काय यायचं ते येणार, पुढं डोहात साठलेलं. पण त्या महिन्यांत ती काय होती हे जुन्या लोकांना विचारा. गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला १७६३ च्या ऑगस्टात पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली, तेव्हा निजाम नदी उतरून पलीकडं गेलेला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसकट अलीकडं, आणि मधी गंगा दोन्ही थड्या भरून. पलीकडनं मदत आलीच नाही. माधवराव पेशव्यानं लढाई मारली असं आपण म्हणतो, पण अर्धं काम नदीनं केलं होतं असं माझं मत.

आता जरा आकड्यांची भाषा, कारण पेपरात रोज टीएमसी नि क्युसेक येतं आणि निम्मे लोक नुसतं डोकं हलवतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर, मोठ्या दोन घागरी धरा. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर २८०० कोटींच्या वर. पहिला आकडा पळणाऱ्या पाण्याचा, दुसरा साठलेल्या पाण्याचा. जोड अशी लक्षात ठेवायची, साडेअकरा हजार क्युसेकनं पाणी चोवीस तास चाललं की एक टीएमसी झालं. बास, एवढं कळलं की पावसाळ्यातली प्रत्येक बातमी तुम्हाला स्वतःला तपासता येती.

ते धरून जायकवाडी बघू. नाव जायकवाडी आणि धरण पैठणला, हे कसं काय? तर निजामाच्या काळात धरणाची पहिली योजना बीड जिल्ह्यात जायकुचीवाडी गावाजवळ होती, पुढं जागा वर सरकली, नाव तेच राहिलं. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातानं पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि मधल्या काळात ज्यांनी हे रेटलं ते शंकरराव चव्हाण, मूळचे पैठणचेच. मातीचं धरण, १० किलोमीटरच्या वर लांब, २७ दरवाजे. जलाशयाला नाव दिलं नाथसागर, एकनाथ महाराजांवरनं. पूर्ण भरलं की १०२ टीएमसी. पण त्यातलं २६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खालचं पाणी, ते आपोआप बाहेर येत नाही, पंप लावून उपसावं लागतं. म्हणून पेपरात 'जायकवाडी शून्य टक्के' छापून येतं तेव्हा धरणात पाणी असतंच, आणि संभाजीनगरच्या नळाला ते येतही असतं. वजा आकडे पण वाचले असतील तुम्ही. ते म्हणजे मृतसाठ्याला हात घातलेला.

या धरणाची एक मोठी अडचण कुणी फारशी बोलत नाही. भंडारदरा बघा, डोंगराच्या कुशीत, खोल. जायकवाडी सपाट माळावर पसरलेलं, ताटासारखं. भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाण्याखाली. ताटात पाणी ठेवा आणि तांब्यात पाणी ठेवा, उन्हात आधी कुठलं आटंल? मी एकदा कागदावर मांडून बघितलं, भरलेल्या नाथसागरावरनं नुसता एक सेंटिमीटरचा थर उडाला तर ३५० कोटी लिटर पाणी गेलं. एक सेंटिमीटर, करंगळीच्या रुंदीइतका. आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो जायला दिवस लागत नाहीत फार. उन्हाळ्यात जलाशय आक्रसलेला असतो म्हणून तेवढं जात नाही, पण काय जातं ते कमी पण नाही. मग सपाट जागेवर बांधलं कशाला? कारण पैठणच्या खालीवर सगळं सपाटच आहे. ब्रह्मगिरीला १०६७ मीटर उंचीवरनं निघालेली नदी पैठणला येईपर्यंत अर्ध्याहून जास्त उतार संपवून बसलेली असती, धरणाची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६४ मीटर. पुढं समुद्रापर्यंत हजारएक किलोमीटर तिला तेवढ्याच उतारावर भागवायचंय.

बरं, धरण भरायला पाणी कुठनं येतं, तर आमच्या पावसानं नाही. नाशिक आणि नगरच्या घाटातल्या पावसानं. म्हणून तर मराठवाड्यातला माणूस आपल्या वावरात उभा राहून नाशिकच्या हवामानाची चौकशी करतो, जगात दुसरीकडं असं कुठं होत असंल मला माहीत नाही. पण त्या पाण्याच्या वाटेवर दारणा आहे, ते १९१६ चं. प्रवरेवर भंडारदरा, १९२६. मग नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, गंगापूर, मुळा, मुकणे, पालखेड, निळवंडे. जायकवाडीचा हिशोब मांडताना जेवढं पाणी खाली येईल धरलं होतं तेवढं काही पुढं आलं नाही. वर धरणं भरल्याशिवाय खाली पाणी नाही, आणि वरची धरणं पाऊस कमी झाला की भरतच नाहीत, मग भांडण.

या भांडणाचा कायदा असा. २००५ ला महाराष्ट्रानं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात समन्यायी वाटप आलं. समन्यायी म्हणजे काय, तर एका खोऱ्यात टंचाई आली तर ती सगळ्यांनी मिळून सोसायची, वरच्यानं पोटभर आणि खालच्यानं उपाशी असं नको. सरकारच्या मेंढेगिरी समितीनं वाटपाचं कोष्टक करून दिलं, २०१४ ला प्राधिकरणाचा आदेश झाला, २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयानं तत्त्व मान्य केलं. ढोबळ मानानं, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के पाणी नसलं तर वरनं सोडायचं. २०२३ ला असाच ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला, मग वर आंदोलनं, खाली आंदोलनं, कोर्ट, आणि शेवटी पाणी सुटलं तेव्हा कोरड्या पात्रानं आपला वाटा आधी खाल्ला, वाळू किती पाणी पिते हे नदीत झिरा खांदलेल्या माणसाला विचारा. मी अर्थातच खालच्या बाजूचा आहे, माझं मन तिकडंच वळणार. पण वरचे लोक म्हणतात की तुम्ही इथनं पाणी मागता आणि तिकडं ऊस लावता, याला माझ्याकडं उत्तर नाही. गंगथडीला आता ऊसच ऊस आहे. माझ्या चुलत्याचाही दोन एकर आहे.

पैठणच्या खाली मग नदी जालना, बीड, परभणी, नांदेड असं करत जाती. शहागड, राक्षसभुवन, मंजरथला सिंदफणा मिळती, गंगाखेड, म्हणजे जनाबाईचं गाव, मग पूर्णा नदी दुधनेला घेऊन येती, नांदेडला विष्णुपुरीचा प्रकल्प आणि नदीकाठी सचखंड गुरुद्वारा. या पट्ट्यात आपण काय केलं तर बंधाऱ्यांची माळ लावली. आपेगाव, हिरडपुरी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारूगव्हाण, मुदगल, दिग्रस, आमदुरा, बळेगाव. नदी वाहती राहिली नाही, पायऱ्यापायऱ्यांचं तळं झालं, पण लोकांच्या मोटारी चालल्या. परळीचं औष्णिक वीज केंद्र पण याच पाण्यावर, आणि २०१५ ला पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं. वीज करायला कोळसा लागतो एवढंच आपल्याला माहीत, पाणीही लागतं हे तेव्हा कळलं.

या माळेतला शेवटचा मणी म्हणजे बाभळी, धर्माबाद तालुक्यात, आणि त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. पाण्याचं भांडण राज्याराज्यांत पण असतंच, त्यासाठी १९६९ ला बच्छावत लवाद नेमला, १९८० ला त्याचा निवाडा आला. त्यात असं ठरलं की पैठणपर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्रानं वापरावं, त्याच्या खाली पोचमपाडपर्यंत नव्या प्रकल्पांना ६० टीएमसीची मर्यादा. पोचमपाड म्हणजे तेलंगणातलं श्रीरामसागर, नेहरूंनी १९६३ ला पाया घातलेलं. त्या धरणाचा फुगवटा, बॅकवॉटर म्हणतात ते, आपल्या हद्दीत नांदेड जिल्ह्यात येतो, आणि बाभळी बांधली ती नेमकी त्या फुगवट्यात. म्हणजे जागा आपली, पण त्यात उभं असलेलं पाणी शेजाऱ्याचं. केस सुप्रीम कोर्टात गेली, २०१३ च्या फेब्रुवारीत निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचलून ठेवायचे, पावसाचं पाणी जाऊ द्यायचं. मग दरवाजे लावायचे. साठवण २.७४ टीएमसी, त्यातलं पुन्हा १ मार्चला ०.६ टीएमसी तेलंगणाला सोडायचं. धर्माबादचे लोक म्हणतात बंधारा आमचा, किल्ली दुसऱ्याची. दरवाजे लावल्यावर जे वाहून येईल तेवढंच मिळणार, आणि ऑक्टोबर संपल्यावर काय वाहून येतं ते आपण वर बघितलंच.

मांजरेचं वेगळं सांगतो, कारण ती लातूरची जीवनदायी आणि स्वभावानं जरा विचित्र. बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगवते, गोदावरीपासनं फार लांब नाही, पण सरळ तिकडं जायचं सोडून दक्षिण-पूर्वेला निघती. लातूर, मग कर्नाटकात बीदर, मग तेलंगणा, तिथं उत्तरेला वळसा घालून परत वर येती आणि ७२४ किलोमीटर भटकून कंदकुर्तीला गोदावरीला मिळती, धर्माबादच्या शेजारीच. वाटेत सिंगूर धरणावरनं तिनं हैदराबादची तहान भागवली. म्हणजे पाटोद्याचा पाऊस हैदराबादेत चहाच्या पाण्यात. आणि लातूर? २०१६ ला धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरज म्हणजे कृष्णेचं खोरं. कृष्णेचं पाणी रुळावरनं गोदावरीच्या खोऱ्यात आलं, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. पहिली गाडी पाच लाख लिटरची, पुढं पन्नास डब्यांच्या पंचवीस लाख लिटरच्या. तेव्हा मोठं कौतुक झालं, लोक हार घेऊन स्टेशनवर. पण मघाचा हिशोब लावा, एक टीएमसी पाणी आणायचं म्हणलं तर पन्नास डब्यांच्या अकरा हजारांवर गाड्या लागल्या असत्या. एक टीएमसीला. धरण म्हणजे काय चीज असती ते मला त्या गाडीमुळं कळलं.

आता इथपर्यंत वाचून कुणी म्हणंल मग ही कसली मोठी नदी. तर आता खरी नदी सुरू होती. बासरच्या सरस्वतीच्या देवळापाशी ती तेलंगणात शिरते, पुढं बरंच अंतर गेल्यावर गडचिरोलीच्या सिरोंचाजवळ पुन्हा महाराष्ट्राच्या हद्दीला येऊन चिकटते आणि तिथं तिला प्राणहिता भेटते. वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होती, वर्धेत आधीच पैनगंगा मिसळलेली. सबंध विदर्भाचा मोठा भाग, मध्य प्रदेशातला शिवनी-बालाघाट, सगळं पाणी घेऊन ती येती. आपल्या हिंगोली आणि माहूर-किनवटकडचं पाणीसुद्धा पैनगंगेतनं असं लांबनं फिरून इथं पोचतं. गोदावरीच्या पूर्ण पाणलोटात एकट्या प्राणहितेचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून जास्त! लगेच खाली इंद्रावती, ओडिशात कालाहंडीला उगवून बस्तरमधनं चित्रकोटच्या धबधब्यावरनं उडी मारून आलेली. मग शबरी. हा सगळा प्रदेश जंगलाचा आणि भरपूर पावसाचा, तिथं बंगालच्या उपसागराचे ढग सरळ जाऊन आदळतात. गोदावरीत वर्षाला सरासरी ११० अब्ज घनमीटर पाणी येतं असं सरकारी हिशोब सांगतो, म्हणजे साधारण ३९०० टीएमसी. आणि ज्याच्यावर आम्ही आणि नाशिककर एकमेकांच्या उरावर बसतो ते जायकवाडी १०२ चं. या दोन आकड्यांत सगळं आलं.

म्हणूनच खाली तेलंगणातल्या भद्राचलमचा पूर आणि आमचा पूर वेगळा. आमच्याकडं २००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतनं अडीच लाख क्युसेक सोडलं तेव्हा पैठण खाली करायची वेळ आली, माझ्या पाहण्यातला तो सगळ्यात भयानक पूर, २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा गंगथडीनं असलंच काहीतरी बघितलं. अडीच लाख म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस टीएमसी, तो वेग टिकला तर सबंध जायकवाडी पाच दिवसांत भरून निघंल. आणि भद्राचलमला १९८६ च्या पुरात नदी घाटावर ७५ फुटांच्या वर चढली होती, २०२२ च्या जुलैत ७१ फूट. तिथं पहिला इशाराच ४३ फुटांना देतात. प्राणहिता-इंद्रावतीचं पाणी एकदम आलं की असं होतं, जायकवाडीचं एकही दार उघडलेलं नसलं तरी.

देशाला ही नदी लागते कशाला, याचंही उत्तर तिकडंच जास्त सापडतं. आपला काळा पाषाण नांदेडच्या पुढं संपतो आणि तिथनं पुढं जुने दगड वर येतात, त्यांच्या थरांत कोळसा आहे. सिंगरेणीच्या खाणी याच खोऱ्यातल्या, रामगुंडमचं वीज केंद्र इथलंच, कोळसा शेजारी आणि पाणी दारात. समुद्रात जिथं ती मिळते तिथं कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला नैसर्गिक वायू. कालेश्वरमचा मोठा उपसा प्रकल्प तेलंगणानं २०१९ ला सुरू केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यातल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब खचले, त्यावर तिकडं अजून राजकारण चालूय, ते राहू दे. आंध्रात पट्टिसीमाला २०१५ पासनं गोदावरीचं पाणी उचलून कृष्णेत टाकतात, पोलावरमचं धरण त्याच्याजवळच बांधून राहिलेत. बघा, कृष्णेला पाणी देण्याइतकी श्रीमंत झालेली असती ती तिथं.

पापीकोंडाच्या डोंगरातली चिंचोळी खिंड ओलांडली की राजमहेंद्री, आणि तिथं धवळेश्वरम. १८४७ ते १८५२ मध्ये आर्थर कॉटन नावाच्या इंग्रज इंजिनियरनं तिथं नदीला आडवा बंधारा घातला. त्याच्या आधी तो मुलूख पण दुष्काळानं नि वादळांनी मेटाकुटीला आलेला होता. बंधाऱ्यानंतर त्रिभुज प्रदेशात दहा लाख एकराच्या आसपास जमीन भिजायला लागली, आणि आज तिथला कोनसीमा भाग म्हणजे भात आणि नारळ, बघत राहावं असं हिरवं. लोक त्या इंग्रजाच्या पुतळ्याला अजून हार घालतात. पण ती जमीन तयार कशानं झाली? गौतमी, वसिष्ठा अशा फाट्यांनी हजारो वर्षं गाळ आणून टाकला, त्यानं. त्यात आमच्या काळ्या रानाची माती पण आहे, दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटून नदी चहासारखी होते ना, ती माती. आता मधल्या धरणांत बरीच अडकते म्हणा.

हे सगळं मला माहीत झालं त्याच्या आधी मी ते बघितलं होतं. नांदेडवरनं विशाखापट्टणमला जाणाऱ्या गाडीत होतो, कामानिमित्त, खालच्या बर्थवर झोपलेलो. पहाटे डब्यात गडबड झाली म्हणून उठलो तर लोक खिडक्यांपाशी, बायका पदराच्या गाठीतनं नाणी काढत होत्या. गाडी पुलावर चढली होती. बाहेर पाणीच पाणी, गढूळ, संथ, मधी एक नाव मुंगीएवढी, आणि पलीकडचा काठ दिसंना. मी आपलं मनात मोजायला लागलो, आमच्या शहागडच्या पुलावर गाडीत गाणं लावलं तर अर्धं कडवं होतं, इथं तर पूल संपायचं नाव घेईना. समोरच्या बर्थवर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "गोदारि." तिकडं असंच म्हणतात. मग मोडक्यातोडक्या हिंदीत माझं गाव विचारलं. मी म्हणलं, याच नदीच्या काठावर, पण पार वर, महाराष्ट्रात.

त्यांचा चेहरा एकदम खुलला. खिडकीबाहेर हात दाखवून म्हणाले, "फिर तो आपको पानी की क्या कमी!"

मी नुसतं हसलो. पूल अजून संपला नव्हता.